फॉर्म यंदा भरू की पुढच्या वर्षी?

संपादकांचा निरोप आला, "टायपिंग क्लासच्या गमतीजमती लिहा. आताच्या मुलांनी टाइपरायटर पाहिलेलाही नाही, मजा वाटेल." गमती आहेत. चार लिहितोही. पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. ठाकूरद्वारच्या एका वाडीत पहिल्या मजल्यावर माझा टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास होता. त्या क्लासातली सगळ्यात हुशार मुलगी, सुमती परब, मोठ्या शिक्षणाला जाता जाता राहिली. का राहिली, याची लालबागच्या तिच्या चाळीत आजही एकच गोष्ट सांगतात: बापानं जाऊ दिलं नाही. बाप म्हणजे भिकाजी परब, गिरणीच्या साचेखात्यात मागावर कामाला. ते वारले त्याला फार वर्षं झाली. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे परवापरवापर्यंत मी एकट्यानंच मनात ठेवलं होतं. ऐंशी ओलांडली आहे मी. आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

आधी धंदा काय होता ते सांगतो. क्लासच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मशीनं, मागच्या खोलीत शॉर्टहँडची बाकं. मशीनवर मी पत्र्याचं झाकण बसवून घेतलं होतं, म्हणजे हात आत आणि नजर बाहेर. बोटांना अक्षरं पाठ व्हायला हवीत, डोळ्यांना नव्हे. एकाच वेळी सगळी मशीनं चालू झाली की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन ओरडायच्या, "अहो मास्तर, तुमच्या त्या लोखंडी लाह्या फुटायच्या कधी थांबणार?"

शॉर्टहँड म्हणजे कानानं ऐकलेलं रेघांनी लिहायचं. अक्षर ऐकायचं नाही, ध्वनी ऐकायचा. जाड रेघ, बारीक रेघ, वर ठिपका, खाली ठिपका. लिहिणं सोपं, पण आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचता येणं कठीण. आमच्या क्लासात आंदोलनाच्या दिवसांतला एक कागद पुष्कळ दिवस भिंतीला डकवलेला होता. मी कापसाच्या गाठींबद्दलचं व्यापारी पत्र सांगत होतो आणि खालून मोर्चा चालला होता. एका मुलानं पत्र टाइप करून आणलं त्यात मधोमध होतं, "आपण पाठवलेल्या चाळीस गाठी मिळाल्या मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, कळावे." मी त्याला म्हटलं, "अरे, हे मी सांगितलं का?" तो म्हणाला, "सर, ऐकू आलं ते लिहिलं." मी पैकीच्या पैकी गुण दिले. एक ध्वनी चुकला नव्हता.

परीक्षेबद्दल माझा एक नियम होता आणि त्या नियमासाठी माझा क्लास गिरगावात ओळखला जाई. परीक्षा मिनिटाला शंभर शब्दांची असेल, तर माझ्याकडे एकशे दहा घेता येईपर्यंत मी कुणाला फॉर्म भरू देत नसे. 'दहा शब्द वरचढ' म्हणायचो आम्ही त्याला. कारण परीक्षेच्या हॉलमध्ये हात कापतो, घाम येतो, सांगणाऱ्याचा आवाज परका असतो. दहा शब्द तिथंच गळून जातात. परक्या आवाजाची सवय व्हावी म्हणून शेवटच्या आठवड्यात मी शेजारच्या वाडीतल्या एका वकिलांना वाचायला बोलावत असे. ते न्यायाधीशासमोर उभं राहिल्यासारखे वाचत आणि मुलांना आपणच आरोपी असल्यासारखं वाटे. पण मुलं पास होत. आईबाप विचारायला येत, "सर, यंदा बसवू की पुढच्या परीक्षेला?" आणि मी सांगेन ते शेवटचं. त्या अधिकाराची चव मला लागली होती. टायपिंगमधलं विचारता विचारता लोक नोकरी कुठली धरावी, मुलाला कॉलेजात घालावं की नाही, हेही मला विचारू लागले. मी तिथंही दहा शब्दांचाच नियम लावत होतो.

सुमती आली ती मॅट्रिक होऊन. उंच, सावळी, बोलणं मोजकं. क्लासात स्वच्छ पुस्तकी मराठी, चाळीत पाऊल टाकलं की मालवणी. आमच्याकडे मुलगे ज्या वेगासाठी वर्षभर झटत तो तिला काही महिन्यांत आला. तिची एक हकीकत सांगतो. परळच्या मैदानावर आंदोलनाची सभा होती आणि कर्णा मध्येच बिघडला. मागे बसलेल्या बायकांना काही ऐकू येईना. सुमती पुढे होती. शॉर्टहँडच्या रेघांत तिनं सगळं भाषण पेन्सिलीनं उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी चाळीच्या गॅलरीत बसून बायकांना वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "चेडवा, टाळये खंय पडले ता लिवलंस काय?" सुमती म्हणाली, "लिवलंय तर! हय पडले, आणि हय लोक हसले." मग त्या बायकांनीही त्याच जागी टाळ्या वाजवल्या.

पुढे ती फोर्टातल्या एका परदेशी कंपनीत स्टेनो झाली. सकाळचं कॉलेज करून बी.ए. झाली. आणि ऑफिस सुटल्यावर माझ्याकडे येऊन संध्याकाळची बॅच शिकवू लागली. ही संध्याकाळची बॅच म्हणजे क्लासचा कणा. नोकरी करणारे, बढतीसाठी धडपडणारे लोक त्या वेळी येत. ती सांगायला बसली की मी पुढच्या खोलीत आरामात मशीनला तेल घालत बसे. तिचा आवाज एका लयीत येत राही, घाई नाही, ओढाताण नाही. बॅच भरून वाहत होती ती तिच्यामुळे, हे मला माहीत होतं. मी ते तिला कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच सुमारास मुंबईत बिझनेस मॅनेजमेंटचा संध्याकाळचा अभ्यासक्रम निघाल्याची बातमी आली. मॅनेजमेंट हा शब्दच गिरगावात नवा होता. मॅनेजर म्हणजे खानावळीचा नाहीतर नाटक कंपनीचा, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याला पदवी लागे, नोकरीचा अनुभव लागे, आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या साहेबाची शिफारस लागे. मग मुलाखत. जे तिथून बाहेर पडतील ते कारकून राहणार नाहीत, साहेबाच्या बाजूच्या खुर्चीवर बसतील, असं ऑफिसांतून बोललं जात होतं.

पहिला विचारायला आला तो वसंत. आमच्याच वाडीच्या मालकांच्या घरातला. तीन पिढ्या कारकुनी, दारात पितळी पाटी. तो विमा कंपनीत होता आणि शंभराचा वेग त्याला काही केल्या येत नव्हता. जिन्यातच गाठून म्हणाला, "सर, फॉर्म भरू का यंदा? साहेब देतो म्हणतोय सही. पण माझी काही तयारी नाही हो."

मी म्हटलं, "भर की. विचारतोस काय? निवड झाली तर झाली, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा."

तो हसत खाली उतरला. दहा शब्दांचा नियम मला त्या वेळी आठवलासुद्धा नाही. वसंत गेला काय, राहिला काय, माझं काही अडत नव्हतं.

त्याच आठवड्यात दुपारी क्लास रिकामा असताना भिकाजी परब आले. पहिली पाळी संपवून, घरी न जाता परस्पर. भुवयांवर कापसाची भुकटी तशीच होती. माझी-त्यांची ओळख गणपतीत, सत्यनारायणाला, एवढीच. बाकाच्या अगदी टोकावर बसले.

"मास्तरानू, एक इचारूक इलंय."

"बोला ना, परब."

"आमच्या चेडवाचा ता नवीन शिकणा असा ना, मॅनेजरीचा. तिचो सायब सही देतंय म्हणता. पण ह्या वर्साच. फुडे तो आपल्या मुलखाक जातलो. तिची आवस म्हणता, रोज रातच्या नऊ वाजता घराक येतली, लोक काय म्हणतले. मी म्हटलंय, लोक गेले खड्ड्यात. मास्तरांक इचारतंय. मास्तर सांगतीत ता करूया."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माका वाटान काय उपेग? धाडूचा असाच माज्या मनात असा. पण वेळ झाली काय नाय ता तुमका समाजता. ह्या वर्सा धाडू काय फुडल्या?"

त्या पावसाळ्यात समोरच्या गल्लीत नवा क्लास निघाला होता. नवी मशीनं, डोक्यावर पंखे. माझे दोघे-चौघे तिकडे जाऊन बघूनही आले होते. मॅनेजमेंटचे वर्ग संध्याकाळी भरणार होते. म्हणजे सुमती तिकडे गेली तर माझी संध्याकाळची बॅच गेली. हे सगळं माझ्या मनात आलं. वाक्यं करून आलं नाही. तोंडातून जे बाहेर पडलं ते मात्र फार शहाणपणाचं होतं.

"परब, घाई नको. तिचं लिहिणं पक्कं आहे, पण इंग्रजी बोलणं अजून कच्चं आहे. मुलाखतीला मोठमोठे लोक बसतात. एकदा नको म्हटलं की शिक्का बसतो. वर्षभर थांबू द्या. मी तयार करून घेतो."

"आणि सायबाची सही?"

"एक साहेब गेला की दुसरा येतो. खुर्ची काय रिकामी राहते?"

ते जरा हसले. मग म्हणाले, "तर तुमीच सांगा तिका. तुमचा ऐकतली."

इथं मी जे केलं त्यासाठी हा लेख आहे. मला ठाऊक होतं की सुमती मला कारण विचारील. 'सर, माझं कच्चं काय आहे?' असं सरळ डोळ्यांत बघून विचारील, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं काहीच कच्चं नव्हतं. म्हणून मी परबांना म्हटलं, "मी सांगितलं तर तिचं मन खचेल. तुम्ही वडील आहात. तुम्हीच सांगा, यंदा नको म्हणून. माझं नाव नको."

परब टोपी सारखी करून उठले. 

"बरा. बापाशीचो राग चेडवाक दोन दिस रवता. मास्तरांचो राग इलो तर शिकणा तुटता. मीच सांगतंय. तुमचा नाव मी घेवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी सुमती नेहमीच्या वेळेला आली. हजेरी घेतली, पेन्सिली तपासल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, मी फॉर्म नाही भरत यंदा. बाबा नको म्हणतात."

"का गं?"

"कारण नाही सांगत. नको म्हणजे नको. कधी असं बोलत नाहीत ते."

मी म्हटलं, "अरेरे." आणि वर म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू हं. मी समजावेन त्यांना."

आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, सगळेच बोलतात. पण त्या 'अरेरे'सारखं दुसरं नाही. ती आत गेली आणि सांगायला बसली. आवाज नेहमीसारखाच एका लयीत. मी मशीनला तेल घालत बसलो.

वसंतला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन आला, माझ्या पाया पडला, म्हणाला, "सर, तुम्ही जिन्यात धक्का दिलात म्हणून." पुढे तो मोठा अधिकारी झाला. त्याबद्दल मला आकस नाही. चांगला मुलगा होता.

वर्ष गेलं. सुमतीचा साहेब आपल्या देशी गेला. खुर्ची रिकामी राहिली नाही, हे मी बरोबर सांगितलं होतं. नवा साहेब आपल्याकडचाच होता. त्यानं तिला सांगितलं, की तुझं आज ना उद्या लग्न होणार, मग कंपनीनं शिफारस वाया का घालवावी? तिनं पुन्हा दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. शिफारशीशिवाय फॉर्म घेत नसत. तो रस्ता तिथंच बंद झाला.

मी त्या वर्षात तिची इंग्रजी बोलण्याची तयारी करून घेतली का? दोन-तीन दिवस घेतली. मग क्लासच्या परीक्षा आल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी मी लालबागला गेलो होतो. माझे पुष्कळ विद्यार्थी तिथले. चाळीचाळींवर तोरणं, गुलाल, ढोल. लोक ओळख नसताना एकमेकांना मिठ्या मारत होते. त्या गर्दीत परबांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. कपाळभर गुलाल, पण चेहरा त्या दिवसाचा नव्हता.

"मास्तरानू, आता सांगू काय तिका?"

मला कळलं, तरी मी विचारलं, "काय?"

"नको कोणी म्हटल्यान ता. बोलणा नाय माज्याशी नीट. कामापुरता बोलता. पान वाढता आणि उठान जाता. दोन दिसांचो राग म्हटलंय मी. दोन वर्सा होत इली."

ढोल अगदी कानाशी वाजत होता. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "आजच्या दिवशी कशाला, परब? आता सांगून काय उपयोग? उगाच जुनं उकरायचं. निवळेल आपोआप."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मास्तर सांगतायत म्हणजे काहीतरी असेल, अशा नजरेनं पाहिलं.

"बरा," म्हणाले, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला.

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. सुमतीचं लग्न झालं, ती दादरला गेली, तेव्हा कुठे माझी संध्याकाळची बॅच सुटली. म्हणजे मला ती आणखी पुरी तीन वर्षं मिळाली. हिशेब मांडायचा तर तो असा आहे. काही वर्षांनी परब खोकल्यानं गेले. मी लालबागला गेलो होतो. गॅलरीत उभा असलेला एक शेजारी मला म्हणाला, "माणूस बरो होतो, मास्तर, पण एक चूक केल्यान. शिकणाऱ्या पोरीक आडवल्यान." मी मान हलवली. 'हो' अशी हलवली की नुसतीच, ते आता मलाही सांगता येणार नाही. पण त्या शेजाऱ्याला ते 'हो' वाटलं असणार.

क्लास बंद झाला. मशीनं भंगारवाल्यानं वजनावर नेली. सुमती त्याच कंपनीत राहिली, साहेबांची सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाली. तिच्यापेक्षा वयानं लहान असलेले, मॅनेजमेंट शिकून आलेले किती साहेब तिच्या हाताखालून, म्हणजे तिच्या डोक्यावरून, गेले असतील. दर दसऱ्याला ती मला सोनं द्यायला येत राहिली. दर दसऱ्याला मी ठरवत राहिलो.

या लेखाचा निरोप आला तेव्हा मी दादरला तिच्या घरी गेलो. छापून आल्यावर तिनं वाचावं, एवढा भित्रेपणा आता तरी नको होता. ती म्हणाली, "सर, एवढे जिने चढून? मला बोलवायचं की. चहा टाकते."

"चहा नंतर. बस."

मी सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच, बॅचसकट, पंख्याच्या क्लाससकट, पेढ्यासकट. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. 

"बाबा स्वतः आले होते? तुम्ही बोलावलं नव्हतंत?"

"स्वतः. पाळीवरून परस्पर."

"आणि आई नको म्हणत होती तर म्हणाले, लोक गेले खड्ड्यात?"

"असंच म्हणाले."

ती हसली. "हे त्यांचंच. रोजचं वाक्य होतं त्यांचं."  मग म्हणाली, "लग्नात त्यांच्या पाया पडले ना, सर, तेव्हा वर बघितलंसुद्धा नाही मी. ते डोक्यावर हात ठेवून उभे होते. मी मुद्दाम नाही बघितलं."



"तुम्ही आज सांगितलंत ते बरं केलंत, असं मी म्हणणार नाही," तीच पुढे म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला सोनं देत आले. ते होते तेव्हा एक शब्द सांगितला असतात तर..."

"बरं केलंत असं नको म्हणूस. म्हणू नयेच."

ती उठून आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. चहा आणून माझ्यासमोर ठेवला, स्वतः घेतला नाही.

"लिहा तुम्ही. माझ्या हुशारीचं फार लिहू नका. बाबांचं लिहा. चाळीतले जुने अजून आहेत, ते हा अंक घेतात. पूर्ण नाव घाला, नुसतं परब म्हटलं तर छप्पन्न परब आहेत तिथं."

तिनं सांगितलं तसं लिहितो. भिकाजी सखाराम परब, साचेखातं, लालबाग. मुलीला शिकायला पाठवायचं त्यांच्या मनात होतं. नको मी म्हटलं.